कोट झाला की येतो

परवा माझा भाचा स्कूटरवरून आला तो ओलागच्च. डिसेंबरातला अवकाळी पाऊस, तोही थांबून बराच वेळ झालेला. अंगात नवाकोरा रबरी रेनकोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, आणि आतला सदरा पिळून काढावा असा. "मावशी, फसवलं त्या दुकानदारानं! पाणी शिरतं यातून," म्हणून त्यानं दुकानदाराचा उद्धार सुरू केला. मी कोट उलटा करून पाहिला. शिवण धड, रबर धड, कुठे छिद्र नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "पावसानं नाही भिजला रे बाबा, आपल्याच घामानं भिजला." बोलले आणि माझं मलाच नवल वाटलं. कारण वाक्य माझं नव्हतंच. ते यमुनाकाकूंचं होतं. भाचा चहा पिऊन गेला, आणि मी रिकाम्या कपबशा समोर ठेवून बसून राहिले.

यमुना धकाते. मी लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा तांडापेठेच्या कडेला एका आवारात आमच्या दोन खोल्या आणि समोर त्यांच्या दोन खोल्या. मध्ये अंगण, अंगणात एक नळ आणि एक कडुनिंब. गल्लीत सगळी विणकरांची घरं. दिवसभर मागांची खटखट. मी कारकुनाच्या घरातून कारकुनाच्या घरात आलेली, मला सवय फक्त पानं उलटण्याच्या आवाजाची. सुरुवातीला डोकं उठायचं. पुढे पुढे दुपारी एखादा माग बंद पडला की माझी झोप मोडायची, इतकी मी त्या गल्लीची झाले.

पहिल्या दिवशी मी सासूबाईंच्या मागे अंग चोरून उभी होते. काकू आल्या. ना नाव विचारलं, ना गाव. माझ्या शालूचा पदर अंगठ्यात आणि बोटात धरला, चोळला, उलटा करून पाहिला आणि सासूबाईंना म्हणाल्या, "पदर अस्सल आहे बाई. सूनबाई मात्र घाबरून राहिली." झालं! तेव्हापासून त्यांच्यासाठी माझं नाव सूनबाई. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

कपड्याला हात लावल्याशिवाय त्यांना माणूस कळत नसे. भाजीवाली असो, रेशनच्या दुकानातला माणूस असो, बोलता बोलता त्यांचा हात समोरच्याच्या बाहीवर जायचा. एकदा त्यांना ताप आला तर डॉक्टर त्यांची नाडी पाहत होते आणि त्या डॉक्टरांची बाही पाहत होत्या! उमरेडच्या विणकराची लेक. लहानपणी पहाटे गल्लीत लांबच लांब ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, पसरून त्याला कुंच्यानं पेजेची खळ द्यायचं काम त्यांच्याकडे असे. ते शिक्षण त्यांनी जन्मभर वापरलं. "खळ कमी झाली का सूत तुटते. जास्त झाली का कडक होऊन मोडते. मधात राहा लागते, सूनबाई," हे त्या धाग्याबद्दल सांगत, आणि माणसांबद्दलही. कुणी बढाया मारू लागला की माझ्याकडे पाहून हळूच म्हणत, "खळ जास्त आहे." आमच्या एका मोठ्या नातेवाइकांसमोर हे म्हटल्यावर मला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबून मी स्वयंपाकघरात पळाले, आणि सासूबाईंनी नंतर माझी चांगली खरडपट्टी काढली.

त्यांचे यजमान देवाजी. तसे उंच, पण खांदे पुढे झुकलेले, त्यामुळे उंची लपायची. बोलणं जेमतेम. त्यांच्या घराण्यात माग त्यांच्या धाकट्या भावाकडे, नामदेवकडे, उमरेडला राहिला, आणि हे शिकले पंपाचं काम. एका दुकानाचे फिटर म्हणून काटोल, नरखेड, तिकडची सगळी खेडी ते फटफटीवर पालथी घालत. तिकडे बहर धरायला संत्र्याच्या बागांचं पाणी तोडून झाडांना ताण देतात, आणि मग ऐन थंडीत पाणी सोडायची वेळ आली की हमखास मोटर जळते. म्हणजे ज्या दिवसांत शहाण्या माणसानं गोधडीतून बाहेर येऊ नये, त्याच दिवसांत देवाजींना पहाटे फटफटीला लाथा मारत निघावं लागे. संध्याकाळी पान्यांच्या पिशवीत चार संत्री घेऊन येत. दोन आमच्याकडे. त्या संत्र्यांना ग्रीसचा वास यायचा, आणि आम्ही ती आवडीनं खायचो.

एका पौषात नरखेडहून येताना पावसानं आणि गारांनी त्यांना गाठलं. ओल्या कपड्यांनी ते नागपूरपर्यंत आले. दुसऱ्या दिवशी तापले, मग न्यूमोनिया, मग दवाखाना. वाचले ते नशीब. सोडताना डॉक्टर काकूंना म्हणाले, "पुन्हा यांची छाती अशी गारठली तर मी काही करू शकणार नाही." नोकरी सोडायचा प्रश्नच नव्हता. काकूंनी डॉक्टरांना एकच विचारलं, "म्हंजे भिजले नाई पायजेत, येवढंच ना?" डॉक्टर म्हणाले, हो. "मंग नाई भिजणार," काकू म्हणाल्या आणि नवऱ्याला रिक्षात बसवून घरी घेऊन आल्या.

कोट घरात आला तो त्यानंतर. कामठीच्या छावणीतला जुना माल लिलावात निघे आणि तो विकणारा एक दुकानदार होता, त्याच्याकडून. फटफटीवरून डाक नेणाऱ्या शिपायांचा कोट म्हणे. गुडघ्यापर्यंत लांब, रंग शेवाळी. तुम्ही टेबलावर टाकता ते मेणकापड नव्हे हं. घट्ट विणीचं सुती कापड, त्याला मेण पाजलेलं. देवाजींनी तो घालून पाहिला तर मापाचा निघाला. काकूंनी मात्र आधी बाही धरली, चोळली, उजेडाकडे करून पाहिली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "ताण्याले खळ देते तसंच हाये हे," म्हणाल्या. "आता माह्यावर सोडा."

सोडा म्हणाल्या तरी नवरा तो नवराच. पहिल्याच हिवाळ्यात देवाजींनी डोकं चालवलं. थोडं मेण लावून पाणी थांबतं, तर भरपूर लावलं तर किती थांबेल! काकू बाजारात गेलेल्या असताना त्यांनी पंपाचं ग्रीस आणि मेणबत्त्या एकत्र वितळवून कोटावर थापलं. कोट पत्र्याचा झाला. उभा केला तर माणसाशिवाय उभा राहायचा! तोच घालून स्वारी ऐटीत नरखेडला गेली आणि कुडकुडत परत आली. वाटेत पावसाचा टिपूस नाही, आणि सदरा ओला. मोटर खोलताना आलेला घाम आतच कोंडला, आणि परतीच्या गार वाऱ्यानं तोच अंगावर गोठला. काकूंनी त्यांना चुलीपाशी बसवलं, छातीला तेल चोळलं, आणि चोळता चोळता सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात झापलं, "काहून केलं असं? कोट श्वास घेते का नाई? त्याचं नाक दाबून टाकलं तुमी! पावसानं नाई भिजले, आपल्याच घामानं भिजले!"

देवाजी खाली मान घालून म्हणाले, "मले वाटलं, जास्त लावलं तर जास्त चांगलं."

"जास्त कायचंच चांगलं नसते," काकू म्हणाल्या.

मग ते थापलेलं सगळं विळ्याच्या बोथट पाठीनं खरवडून काढण्यात त्यांचे कितीतरी दिवस गेले. त्यानंतर देवाजींनी कोटाला हात लावला तो फक्त घालायला आणि काढायला.

दिवाळी आटोपली, हवेत गारवा आला की काकूंचा कोटाचा दिवस ठरलेला. पारशिवनीकडच्या बाजारातून जंगलातलं मधमाश्यांचं मेण आणवलेलं असे. पातेल्यात पाणी, त्यात डबा, डब्यात मेण आणि जवसाचं तेल. तेल किती, हे विचारलं की म्हणत, "दिसते ना." दिसतं काय कप्पाळ! मला कधीच दिसलं नाही. अंगणात बाज टाकायची, तीवर कोट पसरायचा, आणि माहेरचा तो खळ द्यायचा कुंचा घेऊन धाग्याच्या दिशेनं हलक्या हातानं मेण फिरवायचं. शिवणीवर दोनदा, बाकी एकदाच. उन्हात ठेवायचा तो मेण मुरेपर्यंत, की लगेच सावलीत. मग लोटीतून ओंजळभर पाणी घेऊन वरून शिंपडायचं आणि डोळे बारीक करून पाहायचं. थेंब गोल होऊन घरंगळले की खूश. "मोती झाले पाहा." मग कोट उलटा करून आपलं तोंड कापडाला लावून फुंकर मारायची आणि दुसऱ्या बाजूला तळवा धरायचा. गरम वाफ तळव्याला लागली की काम फत्ते. "पाणी आत नाई, वाफ बाहेर. झाला कोट."

त्यांचे नियम आम्हाला पाठ होते. साबण नाही, गरम पाणी नाही, इस्त्री नाही, घडी नाही. चिखल उडाला तर वाळू द्यायचा आणि ओल्या फडक्यानं पुसायचा. खुंटीवर टांगायचा नाही, खांद्याला कोंब येतात. लाकडी आडवी काठीच हवी. आमच्या ह्यांनी एकदा रामटेकला जायला कोट मागून नेला. परत देताना आपला सभ्यपणा दाखवावा म्हणून धोब्याकडून इस्त्री करून आणावा असं ह्यांच्या मनात आलं! मेण वितळून धोब्याच्या टेबलाला, चादरीला, इस्त्रीला चिकटलं. धोबी आमच्या दारात, काकू आमच्या दारात, आणि हे मागच्या दारानं कचेरीत. काकू आठवडाभर ह्यांच्याशी बोलल्या नाहीत. मग एका सकाळी विरजण मागायला आल्या तेव्हा ह्यांच्या सदऱ्याची कॉलर चाचपून म्हणाल्या, "इस्त्री याले करा भाऊ. हा मेला कापूस आहे, याले काई होत नाई."

अशी वर्षं गेली. देवाजी कितीतरी हिवाळे त्या कोटात गेले आणि आले. एकदाही छाती भरली नाही. संध्याकाळी फटफटी थांबली की काकू आधी नवऱ्याचं तोंडही पाहत नसत. कोटाच्या बाहीत हात घालून आतून चाचपत. "कोरडा आहे," म्हणत, आणि मग चहा ठेवत. आम्हाला त्याचं हसू यायचं. आता येत नाही.

तो माघातला दिवस होता. सकाळी दाट धुकं आणि वर भुरभुर पाऊस. काटोलच्या अलीकडे देवाजींना ट्रकनं उडवलं. डोक्याला मार. दुपारी त्यांना आणलं. दुकानातल्या लोकांनी एका पोत्यात कोट आणि पान्यांची पिशवी वेगळी आणून ओट्यावर ठेवली. अंगण माणसांनी भरलेलं, बायकांनी सूर काढलेला. काकू देवाजींजवळून उठल्या, ओट्याशी गेल्या, पोत्यातून कोट काढला आणि बाहीत हात घातला. कोपरापर्यंत. मी शेजारीच उभी होते.

"आतून कोरडा आहे," त्या म्हणाल्या.

एवढंच. मग जाऊन परत होत्या तिथे बसल्या. रडल्या नाहीत. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, हिला रडवा गं कुणीतरी, नाहीतर डोक्यावर परिणाम होईल. मी त्यांना गच्च धरलं. लाकडाला धरावं तसं वाटलं. मला भीती वाटली, खरंच सांगते.

उमरेडहून नामदेव आणि त्याची बायको कौसल्या आले होते. कौसल्या वाईट नव्हती. उलट कामाला वाघीण. दहाव्याला सुतकातला कपडा न् कपडा धुवायचा, ही रीत सगळीकडची. तिनं पहाटे हंडा चढवला, धुण्याचा सोडा टाकला, आणि चादरी, लुगडी, पडदे, सगळं उकळून काढलं. कोटाच्या कॉलरला रक्त लागलेलं होतं. ते राहू द्यावं असं कुणाला वाटेल? तिनं कोटही हंड्यात टाकला, बडवला, पिळला आणि कडुनिंबाच्या फांदीला उन्हात टांगला.

काकू बाहेर आल्या आणि पाहत उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षं पाजलेलं मेण सगळं निघून कोट पांढुरका, लोंबणारा झाला होता. मी म्हटलं, "अगं कौसल्या, काय केलंस हे!" ती बावरली. "सुतकाचा कपडा होता न वं ताई. रक्त होतं त्याले. मी काय वाईट केलं?" आणि खरंच, तिनं काय वाईट केलं होतं? काकूंनी कोटावर हात फिरवला, कॉलरपाशी हात थांबला, डाग नव्हता. "चांगला निंगाला," म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं, काहीच नव्हतं. मला राग परवडला असता.

तेरवी झाली. मूलबाळ नाही, तेव्हा वहिनीनं उमरेडला चलावं, असं नामदेवनं सांगितलं. हात जोडून सांगितलं. "वहिनी, एकटी काहून राहता इथं? आमी आहो ना. दोन घास जास्त." काकू म्हणाल्या, "येतो. पण कोट बिघडला आहे गा. तो असा टाकून कशी येऊ? कोट झाला की येतो."

तिकडच्या बायका स्वतःबद्दलही 'येते' नाही, 'येतो'च म्हणतात. नामदेवला ते पटलं. भावाची फटफटी दुरुस्त करून तो घेऊन गेला, उमरेडच्या साड्या नागपूरच्या बाजारात आणायला ती कामाची होती. कोट त्यानं मागितला नाही.

मग सुरू झालं ते कोटाचं काम. पूर्वी वर्षातून एक दिवस चालणारं. आता महिन्याकाठी बाज बाहेर निघायची. मेण वितळायचं, कुंचा फिरायचा. मी समजत होते की सोड्यानं उघडं पडलेलं कापड मेण पीत असणार, वेळ लागणारच. मधल्या वेळात त्या गल्लीतल्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून देत, त्यावर त्यांचं भागे. जेवत, नळावर नंबर लावत, विचारलं तर उत्तर देत. पण कुणाच्या कपड्याला हात लावणं बंद झालं. संक्रांतीला मी मुद्दाम नवं लुगडं नेसून त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. पदर त्यांच्या हाताशी येईल असा धरला. तीळगूळ घेतला, "गोड बोला" म्हणाल्या, आणि हात मांडीवर तसाच राहिला. घरी येऊन मी रडले.

नामदेव साड्यांचे गठ्ठे घेऊन बाजारात आला की डोकावून जाई. "झाला का वहिनी?" "होऊन राहिला." पुढच्या खेपेला पुन्हा तेच. बिचारा चहा पिऊन जाई. वर्ष गेलं. दुसरा हिवाळा गेला. एक दिवस त्या धुणं वाळत घालत असताना मी कोटाला हात लावला आणि चमकले. पत्रा! देवाजींनी ग्रीस थापलं होतं तेव्हा झाला होता, तसाच. थरावर थर. पाणी टाकलं असतं तर मोतीच मोती झाले असते. पण फुंकर मारली असती तर पलीकडे काहीही गेलं नसतं.

"काकू," मी म्हटलं, "मेण फार होऊन राहिलं हो. नाक दाबलं याचं."

"होऊ दे."

"असा तो कधी होणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ज्या बाईनं आयुष्यभर मधात राहा म्हणून सांगितलं, तिचा हात चुकत नव्हता. तिला कोट होऊच द्यायचा नव्हता. झाला की उमरेड. शब्द दिलेला. ओल्या कपड्यासारखं बोलणं पिळून त्या म्हणाल्या, "तिथं गेली का सगळे मले सांभाळतीन, सूनबाई. हातातलं काम घेतीन. ते इथून गेले सकाळी. या दारातून. मले इथंच राहाचं आहे."

"मग तसं सांगा ना नामदेवला."

"कसं सांगू? चांगला आहे तो."

आता बोला! वाईट दिराला नाही म्हणता येतं. चांगल्याला कसं म्हणायचं? मी त्यांच्याबरोबर चादरीचं एक टोक धरलं.

तिसऱ्या हिवाळ्यात, पौषात, सकाळपासून पाऊस लागला. गार, बारीक, न थांबणारा. दुपारी फटफटी दारात थांबली. आवाज सगळ्या आवाराच्या ओळखीचा, पण अशा पावसात देवाजींनंतर पहिल्यांदाच आलेला. मी आणि काकू दोघीही दचकून बाहेर आलो. नामदेव होता. गठ्ठ्याला प्लास्टिक गुंडाळलेलं, साड्या कोरड्या. स्वतः मात्र स्वेटरसकट निथळत होता. ओट्यावर टेकला आणि खोकू लागला. खोल, छातीतून आलेला तो खोकला. देवाजींना दवाखान्यात नेलं त्या वर्षी आम्ही अंगणापलीकडून ऐकत होतो, तोच.

काकू जागच्या हलल्या नाहीत. त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग आत जाऊन कोरडा सदरा आणला, चुलीपाशी बसवला, छातीला तेल चोळलं. "काहून आला असा? काही घालून याचं नाई?" तो हसला. "काय घालू? खताचा रिकामा बोरा घेतो कधी कधी डोक्यावर."

त्या उठल्या. काठीवरून कोट काढला, मांडीवर घेतला, विळा उलटा धरला आणि खरवडायला लागल्या. मेणाच्या सालींचा ढीग पडू लागला. मी समोर बसून दुसरी बाही घेतली. नामदेवला वाटलं वहिनीचं काहीतरी बिनसलं. पाऊस थांबला, ढगांतून ऊन आलं. बाज अंगणात निघाली. डब्यात मेण आणि जवसाचं तेल. कुंचा एकदाच फिरला, शिवणीवर दोनदा, आणि त्या हातात असलं काही होतं की मी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पाहते आहे असं वाटलं. मेण मुरेपर्यंत ऊन, मग सावली. ओंजळीतलं पाणी शिंपडलं. थेंब गोल झाले आणि घरंगळले. कोट उलटा करून त्यांनी तोंड लावलं, फुंकर मारली, पलीकडे तळवा धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"झाला कोट," त्या म्हणाल्या.

नामदेव उठून उभा राहिला. त्यालाही शब्द आठवत होता. "मंग वहिनी, चलता का? सामान बांधू?"

काकूंनी कोट त्याच्या खांद्यावर चढवला. बटणं लावली. कॉलर नीट केली. "कोट झाला की येतो म्हटलं होतं ना? हा घ्या, आला. हा येते तुमच्यासंगं. मी नाई येत, भाऊजी. मले इथं राहाचं आहे. दर दिवाळी झाल्यावर हा माह्याकडे आणाचा. आणि कौसल्याले सांगा, सोड्यात टाकला तर माही शपथ आहे."

नामदेवनं वहिनीचं तोंड पाहिलं आणि वाकून पायाला हात लावला. फटफटीला लाथ मारली आणि निघाला. भाऊ भावासारखा असणारच. पण त्याचे खांदेही पुढे झुकलेले आहेत हे तो कोट अंगावर चढेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. शेवाळी रंगाची ती पाठ गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

"सूनबाई," काकू म्हणाल्या, "मांगून तेच दिसून राहिले वं."

आणि त्या खाली बसल्या. तिसऱ्या वर्षी, दिवसाउजेडी, अंगणाच्या मधोमध, नळावर बायका उभ्या असताना त्या ओक्साबोक्शी रडल्या. मागांची खटखट एकेक करत थांबली. कुणी जवळ आलं नाही, मीच त्यांना धरून बसले होते. मी पण रडत होते, पण खरं सांगू? मला बरं वाटत होतं. अंग थरथरत होतं त्यांचं, लाकूड राहिलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात ह्यांची बदली झाली, आवार सुटलं, काकू तिथेच राहिल्या. दुकानातले इतर फिटर त्यांच्याकडे आपले कोट आणू लागले असं कळलं. पण मला त्या दिसतात त्या अंगणातल्याच. रडणं ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसायला माझाच पदर ओढून घेतला. चांगला तोंडभर फिरवला. मग सोडायच्या आधी तो अंगठ्यात आणि बोटात धरला, चोळला, उलटा करून पाहिला.

"खळ लई घालून राहिली तू, सूनबाई," नाक ओढत त्या म्हणाल्या. "थोडी कमी कर."